पातळ लॅपटॉपमधले पाणी

मुळशी धरणाचे पाणी वीज करायला पुण्याकडे येत नाही, ते सह्याद्रीच्या पलीकडे जाते. १९२० च्या दशकात टाटांनी मुळा नदी अडवली, पाण्याचे तोंड पश्चिमेला फिरवले आणि ते सुमारे ५०० मीटर खाली, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजगृहात सोडले. १९२७ पासून तिथे वीज तयार होते आहे. या धरणात मावळ्यांची गावेच्या गावे बुडाली. त्यांच्यासाठी १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी 'सेनापती बापट' असे बसले ते याच लढ्यात.

त्याच मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडी आणि माणच्या शिवारात, आज माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची नगरी आहे. भूगाव, पिरंगुट, लवळे इथल्या घराघरांतून रोज सकाळी लॅपटॉपच्या पिशव्या बाहेर पडतात. माझी भाची त्यांतलीच एक. गेल्या उन्हाळ्यात तिने दोन पातळ लॅपटॉपांची माहिती माझ्यासमोर ठेवली आणि विचारले, "मामा, दोन्हींत चिप एकच, मेमरी तेवढीच, स्क्रीनही सारखाच. मग किमतीत तीस हजारांचा फरक कशाचा?" तिला उत्तर देताना मला धरणाचे पाणी आठवले, आणि तो हिशेब मी तिला कागदावर मांडून दाखवला.

एक लिटर पाणी ५०० मीटर खाली पडले की त्यातून जास्तीत जास्त सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा मिळते. लॅपटॉपची चिप २८ वॅटने आठ तास चालली तर तिला आठ लाख ज्यूलांहून थोडी जास्त ऊर्जा लागते. म्हणजे वाटेतली घट अजिबात धरली नाही तरी सुमारे १६५ लिटर पाणी कड्यावरून खाली यायला हवे. एका माणसाच्या एका दिवसाच्या कामासाठी, एका चिपपुरते, जवळजवळ एक पिंप पाणी!

आता दुसरी बाजू. चिपमध्ये गेलेल्या विजेचा काही भाग 'कामात' खर्च होतो आणि उरलेल्याची उष्णता होते, असा अनेकांचा समज असतो. तसे नसते. आकडेमोड कितीही मोठी केली, तरी चिपमध्ये शिरलेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होतो. ती आठ लाख ज्यूल उष्णता बोटाएवढ्या जाडीच्या धातूच्या डब्यातून बाहेर काढायची असते. आणि हे काम करायलाही पुन्हा पाणीच लागते. फरक एवढाच की ते एखाद्या ग्रॅमच्या आसपास असते.

त्याआधी उष्णतेचा जोर किती असतो ते पाहू. कपड्यांची १,००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटरचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला पाच वॅट. लॅपटॉपच्या चिपचा सिलिकॉनचा तुकडा दीड-दोन चौरस सेंटीमीटरचा. त्यात २८ वॅट म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला चौदा ते एकोणीस वॅट. इस्त्रीच्या तळापेक्षा सुमारे तिप्पट! इस्त्री तापावी हाच तिचा हेतू असतो. चिप मात्र शंभर अंशांच्या आसपास पोचली की स्वतःला वाचवण्यासाठी कामाचा वेग कमी करते. यालाच 'थ्रॉटलिंग' म्हणतात.

ही उष्णता चिपपासून कडेच्या पंख्यापर्यंत न्यायची कशी? तांब्याची सळई लावावी, असे वाटेल. सहा मिलिमीटर व्यासाची, पंधरा सेंटीमीटर लांबीची भरीव तांब्याची सळई घेतली आणि तिच्यातून २८ वॅट न्यायचे ठरवले, तर तिच्या दोन टोकांच्या तापमानात सुमारे ३७० अंशांचा फरक पडावा लागेल. एवढ्या तापमानाला चिप केव्हाच मेलेली असेल. पण तेवढ्याच लांबी-जाडीची पोकळ नळी घ्या, तिच्यातली हवा काढून टाका, आत थोडेसे शुद्ध पाणी सोडा आणि आतल्या अंगाला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर बसवा. आता तीच उष्णता अवघ्या काही अंशांच्या फरकाने पलीकडे जाते. ही 'हीट पाइप'. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी १९४२ मध्ये अशा नळीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण कोणी तिकडे लक्ष दिले नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांना ती स्वतंत्रपणे सुचली आणि तिला आजचे नाव मिळाले. आधी ती उपग्रहांमध्ये गेली. आपल्या मांडीवर आली ती बऱ्याच वर्षांनी.

तिची युक्ती आपल्या घरातल्या माठाची आहे. माठातून पाझरलेले पाणी वाफ होताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल लागतात, पण त्याच ग्रॅमची वाफ करायला सुमारे २,४०० ज्यूल लागतात. नळीत हवा नसल्यामुळे पाण्याची वाफ व्हायला शंभर अंशांची वाट पाहावी लागत नाही, चाळीस-पन्नास अंशांनाच ती भराभर होते. चिपच्या बाजूला वाफ होते, ती नळीतून पंख्याकडच्या गार टोकाला धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि उष्णता सोडून देते. ते पाणी परत कसे येते? समईची वात तेल वर ओढते तसे, तांब्याच्या भुकटीच्या बारीक छिद्रांतून. त्याला पंप लागत नाही की वीज लागत नाही. लॅपटॉप उभा धरला, आडवा धरला, तरी हे चक्र चालू राहते. आठ तासांच्या कामात सुमारे ३३५ ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते, आणि ते काम तेच थेंब पुन्हा पुन्हा करतात. तिकडे १६५ लिटर पाणी कडा उतरून जी ऊर्जा देते, ती इकडे पेलाभर पाण्याची वाफ उचलून बाहेर नेते. गेली कित्येक वर्षे मी हे जाणतो, तरी दर वेळी हा हिशेब केला की थक्क होतो.

(पाषाणच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये 'परम ब्रह्म' महासंगणक बसवला गेला. त्यात द्रव थेट प्रोसेसरला लागून असलेल्या पट्ट्यांतून फिरवतात. पाषाणचा महासंगणक काय आणि भूगावच्या भाचीचा लॅपटॉप काय, अडचण दोघांचीही तीच.)

आता पातळपणाची किंमत कुठे मोजावी लागते ते कळेल. लॅपटॉप पातळ करायचा तर ही गोल नळी दाबून चपटी करावी लागते. चपटी झाली की वाफेची वाट अरुंद होते आणि नळी कमी उष्णता वाहते. त्यावर उपाय म्हणजे 'व्हेपर चेंबर': नळीऐवजी तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांची बंद, चपटी पेटी. ती उष्णता सगळीकडे पसरवते, पण बनवायला महाग पडते. पंख्याचेही तसेच आहे. पाती लहान झाली की तेवढाच वारा ढकलायला फेरे वाढवावे लागतात, आणि फेरे दुप्पट केले की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. शांत खोलीत हा फरक कुजबुज आणि किरकिर यांच्यातला असतो. भाचीच्या तीस हजारांतला बराचसा भाग या न दिसणाऱ्या तांब्यात, दोन चांगल्या पंख्यांत आणि दाट पाकळ्यांच्या रेडिएटरमध्ये होता. जाहिरातीत त्यांचा फोटो नसतो.

पातळ यंत्रांचा इतिहास या झगड्याचाच आहे. १९८१ चा ऑस्बॉर्न १ सुमारे ११ किलोंचा होता आणि शिवणयंत्रासारखा उचलून न्यावा लागे. १९८२ च्या ग्रिड कंपासचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते आणि ते कवचच उष्णता बाहेर टाकायला वापरले होते. किंमत ८,१५० डॉलर. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. तो सर्वांत जाड ठिकाणी १.९४ सेंटीमीटर होता. २०२२ चा मॅकबुक एअर सरसकट १.१३ सेंटीमीटर आहे आणि त्यात पंखाच नाही. हे जमले ते नळ्यांमुळे कमी आणि चिपमुळे जास्त.

चिपचा वेग वाढवायचा तर तिचा विद्युतदाबही वाढवावा लागतो, आणि खर्च होणारी वीज वेगाच्या जवळजवळ घनाने वाढते. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते. शेवटचे वीस टक्के फार महाग पडतात. म्हणूनच कंपन्या चिपला दोन आकडे देतात, एक सततचा आणि एक क्षणभराच्या झपाट्याचा. इंटेलच्या कोअर आय७-१२६०पी या चिपचा सततचा आकडा २८ वॅट आणि झपाट्याचा ६४. कोअर अल्ट्रा ७ १५५एचचा सततचा आकडा २८ वॅटच, पण झपाट्याचा ११५. दुकानात तुम्हाला दिसतो तो झपाटा. अर्ध्या तासाने उरते ते त्या डब्याच्या कूलिंगला झेपेल तेवढे. म्हणून चिप एकच असूनही दोन लॅपटॉपांचा वेग एकसारखा नसतो. भाचीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हेच होते.

उरलेले निम्मे उत्तर हवामानात आहे. लॅपटॉपच्या बहुतेक चाचण्या २२-२३ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात पिरंगुटच्या पत्र्याच्या छपराखाली खोली ३५ अंशांवर सहज जाते. उष्णता बाहेर पडते ती आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर. पंखा असलेल्या यंत्रात चिपला ९५ अंशांपर्यंत जाऊ देतात, तिथे हा फरक ७३ वरून ६० वर येतो, सुमारे अठरा टक्क्यांची घट. पण बिनपंख्याच्या यंत्रात मर्यादा चिपची नसते, कवचाची असते. हाताला चटका बसू नये म्हणून कवच ४५ अंशांच्या आसपास रोखायचे धरले, तर फरक २३ वरून १० वर येतो. यंत्राची उष्णता टाकण्याची ताकद निम्म्याहूनही खाली जाते. परदेशातल्या परीक्षणात गार आणि झपाट्याचा वाटलेला लॅपटॉप मुळशीच्या मेमध्ये सुस्त का होतो, याचे कारण हे आहे. यंत्र खोटे नसते. लिहिणे, वाचणे, शिकवणे, पत्रव्यवहार एवढेच काम असेल तर बिनपंख्याचे यंत्र उत्तमच, कारण त्याला धूळ खायला पंखाच नाही. व्हिडिओ, मोठी आकडेमोड, तासन् तास प्रोग्राम चालवणे असेल तर मी पंखा असलेला, तीन-चार मिलिमीटर जास्त जाड लॅपटॉपच सुचवेन.

दुकानात ताडून पाहायचा सोपा उपाय आहे. झपाट्यावर भुलायचे नाही. प्रात्यक्षिकाच्या यंत्रावर सिनेबेंचसारखी चाचणी सलग दहा मिनिटे, शक्य असेल तर दोनदा चालवू द्यावी आणि पहिला आकडा शेवटच्याशी ताडून पाहावा. त्या वेळी हात कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर ठेवावा. धातू उष्णता झटकन हाताला देतो, म्हणून एकाच तापमानाला तो प्लास्टिकपेक्षा जास्त पोळतो. यंत्र उलटे करून हवा आत घेणारी जाळी कुठे आहे ते पाहावे. ती तळाला असेल तर गोधडीवर ठेवून काम करणाऱ्याने तिचे तोंडच दाबले असे समजावे. आणि मांडीवर तर फार वेळ ठेवूच नये. तासन् तासांच्या मंद उबेने कातडीवर जाळीदार लालसर डाग पडतात. शेकोटीजवळ रोज बसणाऱ्यांच्या पायांवर जे पडतात, तेच.

मुळशीत उन्हाळ्याइतकाच पावसाळाही यंत्राची परीक्षा घेतो. ताम्हिणी घाटात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि आषाढात पौडच्या घरांतल्या भिंतीसुद्धा ओल्या लागतात. हिंजवडीच्या वातानुकूलित कार्यालयात गार पडलेला लॅपटॉप घरी येऊन लगेच उघडला, तर गार ताकाच्या पेल्यावर दव जमते तसे त्याच्या धातूवर आणि कधी आतल्या पट्ट्यांवरही जमू शकते. अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा. ओल आणि धूळ एकत्र झाली की रेडिएटरच्या पाकळ्यांत नमदा तयार होतो, मग सगळ्या तांब्याचा उपयोग शून्य. वर्षा-दोन वर्षांतून एकदा आतली सफाई लागतेच, आणि ती करताना वॉरंटी कायम राहते की नाही ते आधी विचारावे.

वॉरंटीकडे मी कंपनीने स्वतःच्या यंत्राबद्दल दिलेली साक्ष म्हणून पाहतो. यंत्र किती वर्षे उष्णता सोसेल याचा अंदाज सर्वांत चांगला कोणाला असेल, तर बनवणाऱ्याला. एका लाखाच्या वर किंमत लावून एकाच वर्षाची हमी देणे आणि पुढच्या दोन वर्षांचे वेगळे पैसे मागणे, यातून काय कळते ते खरेदीदाराने लक्षात घ्यावे. पातळ यंत्रात तर ही साक्ष अधिक महत्त्वाची, कारण मेमरी, आणि कित्येकदा बाकीचेही बरेच काही, मदरबोर्डवर कायमचे डागलेले असते. एक लहान भाग गेला तरी सगळा बोर्ड बदलतात, आणि त्याचे बिल लॅपटॉपच्या किमतीचा मोठा लचका तोडते.

माझ्या स्वतःच्या एका लॅपटॉपचा टचपॅड दुसऱ्या उन्हाळ्यात हळूहळू वर उचलला गेला. खालची बॅटरी फुगली होती. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले राहणे, दोन्ही सोसत नाहीत, आणि पातळ डब्यात तिला चिपच्या अगदी शेजारी राहावे लागते. माझ्या यंत्राची वॉरंटी तीन वर्षांची होती, पण बॅटरीची एकच वर्षाची. ते बारीक अक्षरांत लिहिलेले होते आणि मी वाचले नव्हते. म्हणून कागदावर हे शोधावे: बॅटरीची मुदत किती, पाणी सांडणे आणि आपटणे यांना वेगळे संरक्षण आहे का, आणि मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात की कारखान्यातून निघाल्या दिवसापासून. मुळशीच्या ओलीत पाण्याचे संरक्षण मला अनावश्यक वाटत नाही. साध्या वॉरंटीत द्रवाने झालेली हानी सहसा धरत नाहीत. 'ऑनसाइट' म्हणजे तंत्रज्ञ घरी येणार, पण कोणत्या घरी? हे पिनकोडवर ठरते. हिंजवडीचा ४११०५७ यादीत असेल म्हणून पौडचा ४१२१०८ असेलच असे नाही. आपला पिनकोड सांगून लेखी उत्तर घ्यावे.

मग किंमत. समजा लॅपटॉप १,२०,००० चा आणि तीन वर्षे चालला, तर वर्षाला ४०,००० पडले. १२,००० देऊन वॉरंटी वाढवली आणि तो पाच वर्षे नीट चालला, तर वर्षाला २६,४००. उदाहरणापुरते हे आकडे, पण पैसे कुठे घालावेत याबद्दल माझे मत पक्के आहे: आधी मेमरी, कारण ती नंतर वाढत नाही, मग वॉरंटी, वरच्या दर्जाची चिप सर्वांत शेवटी, कारण पातळ डब्यात तिचा झपाटा फार वेळ टिकतच नाही. या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. १,१८,००० च्या बिलात १८,००० कर. व्यवसायाचा जीएसटी क्रमांक घालून बिल घेतले तर हा कर वळता करता येतो आणि अनेक जण तो करतात. पण एक गाठ लक्षात ठेवावी. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार 'ग्राहक' ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे. कंपनीच्या नावाचे बिल असेल तर पुढे तक्रारीत हा वाद पहिला उभा राहतो.

या कायद्याचे मूळ पुण्याच्याच मातीत आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, आणि १२ वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला आणि त्याने मुळशीसारख्या तालुक्यातल्या माणसाची मोठी सोय केली: विक्रेता बेंगळुरूचा असो वा गुरगावचा, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे पौडच्या माणसाला पुणे पुरे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदतच लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहावे. ते निष्फळ ठरले तर तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षे असतात.

आणि या दोन वर्षांत सर्वांत आधी नाहीशी होणारी गोष्ट म्हणजे बिल. दुकानातल्या लहान यंत्रातून निघणारे गुळगुळीत बिल शाईने छापत नाहीत. तापणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या पट्टीला लागून कागद सरकतो आणि तेवढ्यापुरता काळा होतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिले तर सगळा कागद काळवंडतो, आणि कपाटात राहिले तरी हळूहळू अक्षरे पुसट होतात. भाचीने लॅपटॉप घेतला त्याच संध्याकाळी तिने बिलाचा, खोक्यावरच्या सिरीयल नंबरचा आणि पिनकोडबद्दलच्या त्या लेखी उत्तराचा फोटो काढून मला पाठवला. तिने जाड लॅपटॉप घेतला होता.